अंथरुणावरचे अब्बा आणि आपला आयकर



विषय रूक्ष आहे, पण अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो आलेला आहे. समजा, अब्बांना पक्षाघात झाला. आठ-दहा दिवस दवाखान्यात काढले, ते बिल विम्याने भरलं. पण त्यानंतरची चार-पाच वर्षं ते घरीच, अंथरुणावर. डायपर, फिजिओथेरपी, ब्यूरोतून येणारी मावशी, हा सगळा खर्च आपल्या खिशातून. कारण आपला आरोग्यविमा मुख्यतः दवाखान्यात भरती होण्याचा असतो. जर्मनीत १९९५पासून आणि जपानमध्ये २०००पासून अशा दीर्घकाळच्या देखभालीसाठी सक्तीचा विमा आहे. आपल्याकडे तसा नाही, म्हणून त्याच्या हप्त्यावर खास करसवलतही नाही. जे आहे ते वेगवेगळ्या कलमांत विखुरलेलं आहे. (१ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात, मी लोकांच्या तोंडात बसलेले जुनेच वापरते.)

पहिलं '८० डी'. साठीच्या पुढच्या आईवडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट. ते आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असं नाही. सासू-सासरे मात्र यात धरत नाहीत. आपल्या काही घरांत व्याजाच्या शंकेमुळे विमा काढलाच जात नाही. काही ठिकाणी वय आणि साखर पाहून कंपनीच नकार देते. अशांनी नीट ऐका: ज्या ज्येष्ठाचा आरोग्यविमाच नाही, त्याच्या औषधोपचारावर केलेला खर्चही याच ५०,०००च्या मर्यादेत वजा होतो. अट एकच, तो रोखीने केलेला नसावा. मेडिकलवाल्याला यूपीआयने द्या आणि बिल जपून ठेवा.

दुसरं '८० डीडीबी'. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, कर्करोग अशा ठरावीक आजारांवरच्या उपचारांसाठी. रुग्ण ज्येष्ठ असेल तर १ लाखापर्यंत, नाहीतर ४०,०००. त्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मेंदूच्या काही आजारांत ४० टक्के अपंगत्वाचीही अट आहे.

पण देखभालीच्या सर्वांत जवळ जातं ते '८० डीडी', आणि तेच लोकांना सर्वांत कमी ठाऊक असतं. अवलंबून असलेल्या अपंग जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण यांच्यासाठी ते आहे. उपचारांसोबत शुश्रूषेचा उल्लेख या कलमातच आहे. खर्च झालेला असला की रक्कम किती, हे पाहिलं जात नाही: अपंगत्व ४० टक्क्यांपासून असेल तर सरळ ७५,०००, ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,०००. पक्षाघाताने हातपाय गेलेले अब्बा यात बसू शकतात. बहुतेक घरं अपंगत्वाचा दाखलाच काढत नाहीत. "आमचे अब्बा काय अपंग आहेत का?" असा मान आडवा येतो.

आता खरी अडचण. या तिन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी तर मुदतीत विवरणपत्र भरताना तसं निवडावं लागतं. आणि निवडून फायदा होईलच असं नाही. २०२५-२६च्या दरांनी पगार १५ लाख धरू. नव्या प्रणालीत उपकर सोडून कर ९३,७५०. जुन्या प्रणालीत '८० सी'चे दीड लाख, '८० डी'चे ५०,००० आणि '८० डीडी'चे १,२५,००० सगळे वजा करूनही १,५०,०००! घरभाड्याची किंवा गृहकर्जाची मोठी वजावट असेल तरच गणित उलटतं. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्यच. तेव्हा "टॅक्स वाचेल" म्हणत कुणी पॉलिसी गळ्यात मारायला आला, तर त्याच्यासमोरच हे दोन आकडे मांडा. विमा घ्यायचा तर आजारपणासाठी घ्या. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला आहे.

माझं स्पष्ट मत असं, की सरकारने दर कमी केले ते ठीक, पण घरात अपंग माणूस सांभाळणारा आणि न सांभाळणारा यांना एकाच मापाने मोजायला सुरुवात केली. निदान '८० डीडी' तरी नव्या प्रणालीत असायला हवं होतं.

आणि जिथे वजावट मिळते, तिथेही ती कुणाला मिळते? कमावत्या भावाला. अब्बांसाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या बहिणीला उत्पन्नच नाही, मग वजावट कशातून? तिच्या कामाचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. भावांनो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. यंदा विवरणपत्र भरताना जे काही वाचेल, ते तिच्या खात्यात जमा करायला परवानगी लागत नाही.