बालविभागातील सेवकवर्गाची विचारपूस



दरवर्षी या सभेत आम्ही नवी उपकरणे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा वृत्तान्त सादर करतो. आज ताळेबंदात न दिसणाऱ्या एका ऋणाविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी.

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ वाचली, १० दगावली. पुढे चौकशी झाली, निलंबने झाली, दोन परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला. दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु चौकशी ही एक गोष्ट आणि त्या रात्री तेथे असलेल्या माणसांची विचारपूस ही दुसरी. पहिलीसाठी समिती नेमली जाते. दुसरीसाठी बहुतेक रुग्णालयांत कोणीच नसते. आमच्याकडेही नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मावळात असे प्रसंग निराळ्या रूपाने येतात. द्रुतगती मार्ग आहे, घाट आहे, पावसाळ्यातले धबधबे आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले; त्यांत लहान मुले होती. आमच्या बालविभागातही एका पावसाळी रात्री पाण्यात बुडालेले मूल आणले गेले. पाऊण तास प्रयत्न झाले. यश आले नाही. डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले. मुलाचे अंग कोरडे करून, चादरीत गुंडाळून त्याला आईच्या हाती देण्याचे काम आमच्या मावशींनी केले. सकाळी पाळी संपल्यावर त्या एकट्याच लोकलने कामशेतला गेल्या आणि रात्री वेळेवर हजर झाल्या. आम्ही त्याला त्यांचा खंबीरपणा समजलो. पंधरवड्याने त्यांनी बालविभागातून बदली मागितली, तेव्हा कारण विचारणारेही आम्हीच होतो!

त्यानंतर आम्ही काही रीत ठरविली. घटनेच्या दिवशीच सर्वांना एकत्र बसवून बोलते करावे, असा पूर्वी समज होता. अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकीने मानसिक आघात टळत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करीत नाही. म्हणून आम्ही कोणाला बोलावयास भाग पाडत नाही. मेट्रन शेजारी बसतात, चहा देतात, घरी फोन लावतात. घरापर्यंत सोबत कोणी जाते. पुढील पाळी रजा न कापता बदलून मिळते. पंधरा दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा विचारणा होते, कारण झोप उडणे, तेच दृश्य वारंवार दिसणे हे महिन्यानंतरही थांबले नाही तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. तो खर्च संस्था करते. सेवापुस्तकात त्याची नोंद होत नाही. केंद्र शासनाची टेलि-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते, हेही सर्वांना सांगून ठेवले आहे. आणि विचारपूस करणारी व्यक्ती चौकशी समितीवर असणार नाही, हा नियम विश्वस्त मंडळाने मान्य केला आहे.

मूल गमावलेल्या आईवडिलांच्या दुःखाशी याची तुलना आम्ही करीत नाही. परंतु त्याच हातांत उद्या दुसऱ्या कोणाचे बाळ असते. पाळी बदलून देण्यासाठी एक जादा परिचारिका हवी. तिच्या वेतनाचा भार उचलण्याची विनंती आम्ही देणगीदारांस करीत आहोत.

त्या मावशी सध्या बाह्यरुग्ण विभागात आहेत. परत येण्याचा आग्रह आम्ही धरलेला नाही.