कोठडींतल्या मरणाचा जाब

(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत झालेलें भाषण)



गुराख्यानें संध्याकाळीं एक बैल कमी आणला, तर धनी त्याला काय विचारतो? "माझा बैल कोठें आहे?" एवढेंच. वाघानें नेला कीं दरींत पडला, हें दाखविण्याचें काम गुराख्याचें. ज्याच्या ताब्यांत जीव, त्यानें त्या जिवाचा हिशेब द्यावा, हा आपल्या गांवचा जुना न्याय आहे. मग सरकारनें धरून नेलेला माणूस मेला, म्हणजे हिशेब मागत दारोदार त्याच्या आईनें कां फिरावें?

परभणीचें पाहा. १० डिसेंबर २०२४ रोजीं तेथें डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीं बंद पाळला गेला, त्यांत दगडफेक व जाळपोळ झाली, आणि पोलिसांनीं धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. दगड फोडून पोट भरणाऱ्या वडार समाजांतला, वय पस्तीस, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडींत असतांना तो मरण पावला. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनीं अनेक जखमांमुळें बसलेला धक्का, असें कारण लिहिलें. तरी त्याच महिन्यांत नागपूरच्या अधिवेशनांत मुख्यमंत्री सांगतात कीं, मारहाण झाली नाहीं, त्याला श्वासाचा आजार होता! पुढें दंडाधिकाऱ्यांच्या चौकशींत पोलिसांवर ठपका आला, तरीहि गुन्हा नोंदेना. आई मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठांत गेली. जुलै २०२५ मध्यें कोर्टानें गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. त्यावर सरकारनें काय केलें? तो हुकूम फिरवावा म्हणून दिल्लीला सुप्रीम कोर्ट गांठलें! तेथेंहि त्याच महिन्यांत त्याचें कांहीं चाललें नाहीं. कोणी मारलें व किती मारलें, तें खटल्यांत ठरेल. माझें विचारणें इतकेंच कीं, नुसती फिर्याद कागदावर येण्यास सातांवर महिने लागावे, आणि तेवढ्यासाठीं एका गरीब आईला अख्ख्या सरकारशीं झुंजावें लागावें, हा कोणता इन्साफ?

कोणी म्हणतील, बंदच्या दिवशीं दुकानें फुटलीं त्यांचें काय? दुकान फोडणें वाईटच. ज्याचें फुटतें तोहि बहुधा आपल्यासारखाच पोटार्थी असतो. पण त्याची शिक्षा कायद्याच्या पुस्तकांत लिहिली आहे, लाठीच्या टोकाला नाहीं.

अशी वणवण करणारी ही पहिलीच आई नव्हे. ओरिसांत १ डिसेंबर १९८७ रोजीं चोरीच्या तपासांत बावीस वर्षांच्या एका पोराला पोलिसांनीं चौकीवर नेलें. रात्रीं आई जेवण घेऊन गेली. तो जेवला, ती घरीं परतली. दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रेत रेल्वेच्या रुळांवर! पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखालीं सांपडला. आईनें सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलें, आणि कोर्टानें तें पत्रच अर्ज म्हणून घेतलें. १९९३ सालीं त्या निलाबती बेहरा खटल्यांत कोर्टानें पळून गेल्याची गोष्ट मानली नाहीं. ताब्यांतल्या माणसाला जखमा कशा झाल्या हें पोलिसांनींच सांगितलें पाहिजे, असें म्हटलें, आणि आईला दीड लाख रुपये देण्यास सरकारला फर्माविलें. हाच तो गुराख्याचा न्याय.

पण तो पुस्तकांतल्या कायद्यांत मात्र उतरला नाहीं. कोठडींत झालेल्या जखमा त्या अंमलदारानेंच केल्या असें कोर्टास धरतां यावें, ही सूचना कायदा आयोगानें १९८५ सालींच केली होती. २०२३ सालीं पुराव्याचा कायदा नव्यानें लिहिला, त्यांतहि तें कलम आलें नाहीं. घाई असली म्हणजे कायदे एका रात्रींत होतात, हें आपण पाहिलेलें आहे!

आतां एक अडचणीची गोष्ट बोलतों. पोलीस शिपाई कोणाचे? आपलींच पोरें. कुणब्याचीं, माळ्याचीं, धनगराचीं. भरतीसाठीं पहाटे रस्त्यावर धांवतात, तीं आपल्याच गांवचीं. म्हणून जाब मागूं नये, असें कांहीं शहाणे सांगतात. मी उलट सांगतों. हुकूम वरून येतो, तो तोंडीच असतो, आणि प्रकरण अंगाशीं आलें कीं निलंबित होतो तो बिल्लेवाला शिपाई. कागद चोख असेल तर तो कागदच त्या पोराला वांचवील.

तो कागद कोणता, हें समजून घ्या. १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, अटक करतांना तारीख-वेळ लिहिलेला अटकेचा कागद करावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गांवांतील प्रतिष्ठित माणसाची साक्षीची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावें, आणि कोठडींत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनीं डॉक्टरी तपासणी करावी. अटकेच्या वेळीं अंगावर जखमा आहेत कीं नाहींत, हें आरोपीनें मागितल्यास तपासून लिहावें व त्याची प्रत त्याला द्यावी. तेव्हां रात्रीं-अपरात्रीं जीप गांवांत आली आणि पोलीस पाटील तुम्हांला सहीसाठीं उठवूं लागला, तर कंदील घ्या किंवा बॅटरी घ्या, त्या माणसाचें अंग आधीं नीट पाहा, वेळ आपल्या डोळ्यांदेखत लिहवा, आणि मग सही करा.