न मोजलेला सेक्शन कोणता?

मागच्या भागानंतर साकोलीहून एका मुलीची व्हॉइस नोट आली. तिला बारावीनंतर बाहेर शिकायला जायचंय, एसएटीची तयारी करून राहिली आहे. ती विचारते, "दादा, पेपरात काही प्रश्न मोजतच नाहीत म्हणे. ते ओळखायचे कसे? तेवढे सोडले तर वेळ वाचेल ना?" प्रश्न भारी आहे. सीईटी, जेईई, नीटवाल्यांनीही थांबा, शेवटी तुमच्यावरच येणार आहे.

आधी हे स्पष्ट करतो की ही अफवा नाही, खरं आहे. जुन्या कागदी एसएटीत, म्हणजे २०१६ च्या आधी, दहा सेक्शन असायचे आणि त्यातला २५ मिनिटांचा एक सेक्शन गुणांत धरत नसत. कोणता, ते सांगत नसत. आताच्या डिजिटल एसएटीत चार मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकात दोन प्रश्न न मोजलेले. म्हणजे ९८ पैकी ९० मोजतात, ८ नाही. जीआरईतही सप्टेंबर २०२३ पर्यंत असा सेक्शन यायचा, परीक्षा छोटी केली तेव्हा तो काढला.

मग हे ठेवतात कशाला? आपल्या भंडाऱ्याचंच उदाहरण घेऊ. धानाचा हंगाम आहे, दोन केंद्रांवर दोन काटे आहेत. एका काट्यावर तुमचा कट्टा ४० किलो भरला, दुसऱ्यावर माझा ३९. माझं धान कमी की काटा वेगळा? कळणार कसं? एकच कट्टा दोन्ही काट्यांवर ठेवा. फरक दिसला तर तो काट्याचा. मार्चचा पेपर आणि मेचा पेपर हे असे दोन काटे आहेत. काही प्रश्न दोन्हीकडच्या मुलांना देऊन पाहतात की कोणता पेपर किती कठीण होता. शिवाय पुढच्या वर्षीचे नवे प्रश्न आज तुमच्यावर तपासून घेतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. ॲपचं नवं बटण आधी थोड्या लोकांना दाखवतो आणि त्यांना सांगत नाही. सांगितलं तर ते नेहमीसारखे वागणार नाहीत. मुलांना कळलं की हा सेक्शन मोजत नाही, तर ती टाइमपास करतील आणि मोजमाप बिघडेल. म्हणून लपवतात.

आता ओळखायचा प्रश्न. मी जीआरई दिली तेव्हा जुना पॅटर्न होता. नेहमी दोन क्वांट यायचे, मला तीन आले. म्हणजे एक नक्की न मोजलेला. कोणता, हे मला आजही माहीत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांचा एकच अंदाज असतो, "तो विचित्र, कठीण होता ना, तोच खोटा." इथेच गडबड आहे. जीआरईत पहिला सेक्शन चांगला गेला की दुसरा मुद्दाम कठीण येतो. डिजिटल एसएटीतही दुसरं मॉड्यूल पहिल्यावरून ठरतं. म्हणजे ज्याला तुम्ही खोटा समजून सोडणार, तो कदाचित तुमच्या चांगल्या कामगिरीचा पुरावा असेल.

थोडा हिशोब करू. तीनपैकी एक सेक्शन नुसत्या अंदाजाने सोडला तर बरोबर ठरायची शक्यता तीनात एक. बरोबर ठरलात तर मिळालं काय? ३५ मिनिटं आराम. तो वेळ दुसऱ्या सेक्शनला वापरता येत नाही, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. चुकलात तर अर्धा क्वांट गेला. आजच्या एसएटीत गणिताच्या एका मॉड्यूलमध्ये २२ प्रश्न, त्यातले दोन न मोजलेले. एखाद्या प्रश्नावर बोट ठेवून "हा खोटा" म्हटलं, तर अकरापैकी दहा वेळा तो खरा निघेल. असा सौदा आपल्याकडे धानाचा व्यापारीही करणार नाही.

आता सीईटीवाले. आपल्याकडे असे लपवलेले प्रश्न नाहीत. मग वेगवेगळ्या शिफ्टचे काटे जुळवतात कसे? पर्सेंटाइलने. तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी, एवढंच पाहतात. यामागे एक गृहीतक आहे की प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार आणि साधारण मुलं सारख्याच प्रमाणात आली. म्हणजे इथे कट्टा एक नाही, दोन्ही केंद्रांवरचं धान सरासरी सारखंच आहे असं मानतात. म्हणून "माझी शिफ्ट कठीण होती" याचं फार दुःख करू नका. कठीण सगळ्यांनाच होती.

पण आपल्याकडे अंदाजाचा वेगळा खेळ चालतो. "हा प्रश्नच चुकलाय, रद्द होईल, सोडून दे." २७ एप्रिल २०२५ ला सकाळच्या शिफ्टला इंग्रजीतल्या गणिताच्या पेपरात ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. दोन गुणांचा एक प्रश्न, म्हणजे १०० पैकी ४२ गुण. मुलं उत्तर काढतात आणि पर्यायात ते उत्तरच नाही! सीईटी सेलने ५ मेला २७,८३७ मुलांची परीक्षा परत घेतली. हॉलमध्ये बसून हे कोणाला ओळखता आलं असतं? आणि ज्याने चिडून बाकीचे २९ पण सोडले असते, त्याचं काय, फेरपरीक्षा झालीच नसती तर?

नीट २०२४ आठवते? फिजिक्सच्या एका प्रश्नाला एनटीएने दोन उत्तरं बरोबर धरली, कारण जुन्या आणि नव्या एनसीईआरटीत फरक होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले, आणि पैकीच्या पैकी गुणवाले ६१ वरून १७ वर आले. सांगायचं एवढंच की कोणता प्रश्न मोजला जाईल, हे कधीकधी परीक्षा घेणाऱ्यालाही जुलैपर्यंत माहीत नसतं.

मग करायचं काय? एक, प्रत्येक प्रश्न मोजतोय असंच समजा. दोन, प्रश्न चुकीचा वाटला तर त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, एक पर्याय निवडा आणि पुढे जा. तीन, उत्तरतालिका आली की तो प्रश्न तपासा, पुरावा असेल तर आक्षेप नोंदवा. हो, सीईटीत एका आक्षेपाला १,००० रुपये लागतात, आणि लाखनी-पवनीच्या शेतकऱ्याच्या घरात ते सहज निघत नाहीत, हे मला माहीत आहे. मित्रांनी मिळून वर्गणी काढा, पण एकाने तरी नोंदवा. चूक सिद्ध झाली तर फायदा सगळ्यांनाच होतो.

आणि साकोलीच्या ताई, तुझ्या पेपरातले ते आठ प्रश्न तुझ्या गुणांसाठी नाहीत, तुझ्यानंतर येणाऱ्यांसाठी आहेत. तुझ्या आधीच्या कोणीतरी तुझ्यासाठी तसेच सोडवले होते. नीट सोडव.

पुढच्या भागात कॅप राउंडचे पर्याय कसे भरायचे ते बोलू. व्हॉइस नोट पाठवत राहा. भेटू.