घसा बरा झाला, मग हुडहुडी का भरली?

मी म्हैसूरच्या विजयनगरमधून बोलतोय. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. घसा दुखला की आपण मिठाच्या गुळण्या करतो आणि बहुतेकदा आठवड्यात बरं वाटतं. आज मात्र क्वचित होणाऱ्या, पण जिवावर बेतणाऱ्या आजाराबद्दल सांगतो.

1936 साली आंद्रे लेमिएर या फ्रेंच डॉक्टरांनी असे 20 रुग्ण नोंदवले. त्यांतले 18 दगावले. घशातला जंतू मानेतल्या मोठ्या शिरेपर्यंत पोचतो. तिथे रक्ताची गुठळी होते आणि तिचे जंतूंनी भरलेले तुकडे फुप्फुसात जातात. बहुधा धडधाकट तरुण मुलामुलींनाच हे होतं.

ओळखायचं कसं? घसा दुखू लागल्यावर काही दिवसांनी, कधी तो बरा वाटत असतानाच, हुडहुडी भरून ताप येतो. मानेची एक बाजू दुखते, सुजते. छातीत कळ येते, धाप लागते. अशा वेळी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून वाट पाहू नका. या जंतूवर ते भरवशाचं नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तिथे रक्ताचं कल्चर आणि सीटी स्कॅन करतात, शिरेतून अँटिबायोटिक देतात. उपचार काही आठवडे चालतात, पण वेळेत सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

तोंड उघडत नसेल, लाळ गिळता येत नसेल किंवा श्वासाला घरघर येत असेल, तर मध्यरात्रीही निघा.

तुमचं मूल परगावी होस्टेलवर असेल तर फोनवर एवढंच विचारू नका की घसा कसा आहे. थंडी वाजते का, मान दुखते का, हेही विचारा.