तीन प्रकारची साठ गावं



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय ‘शिक्षण, माध्यमं, समाज आणि पर्यावरण : संशोधन काय सांगतं?’ असा छापलाय. एवढा मोठा विषय एका संध्याकाळी घ्यायचा म्हणजे नुसती प्रदक्षिणा होईल, गाभाऱ्यात जाणं काही व्हायचं नाही. म्हणून मी एकच प्रयोग घेऊन आले आहे. सत्तर वर्षांपूर्वी तो आपल्याच मुलखात झाला. संज्ञापनाचा अभ्यास करणारे परदेशातही त्याचा दाखला देतात. इथे मात्र वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर वर्गात शांतता पसरते.

गीतरामायण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे सूर छप्पन आठवडे घरोघर ऐकले गेले. १९५६च्या एप्रिलमध्ये ते संपलं. त्याच केंद्रावरून, त्याच दिवसांत, आणखी एक मालिका चालू होती. १७ फेब्रुवारी ते २९ एप्रिल १९५६, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत त्यासाठी मंडळं स्थापन केली होती. इंग्रजीत या उपक्रमाला फार्म रेडिओ फोरम म्हणत. आपण रेडिओ-मंडळ म्हणू.

कल्पना कॅनडातली. तिथे १९४१पासून शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि नंतर चर्चा करत. वाचा, ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असं त्यांचं चार पायऱ्यांचं ब्रीद होतं. युनेस्कोला हे भारतात करून पाहायचं होतं. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर. आयसीएस अधिकारी, पण हिंदी नाट्यरसिकांना ते ‘कोणार्क’चे नाटककार म्हणून अधिक ठाऊक. त्यांनी हे मनावर घेतलं. मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे गेलं आणि ते ज्यांनी पाहिलं त्यांचं नाव पॉल नॉयराथ.

या माणसाबद्दल थोडं थांबून सांगते. जन्म १९११, व्हिएन्ना. वडील ऑटो नॉयराथ हे व्हिएन्नातल्या तत्त्वज्ञांच्या प्रसिद्ध मंडळातले. आकडेवारी सामान्य माणसाला कळावी म्हणून त्यांनी चित्रांची भाषा घडवली. आज वर्तमानपत्रात एक माणूस म्हणजे एक लाख लोक अशी चित्रं छापतात, त्या पद्धतीचं मूळ तिथे आहे. नात्झींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ साली पॉल पकडले गेले आणि डाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत राहिले. सुटून स्वीडनमार्गे अमेरिकेला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला. विषय होता छळछावणीतलं समाजजीवन. जिथे जीव वाचवणं एवढंच काम उरतं, तिथेही माणसं एकमेकांशी कशी वागतात, याच्या नोंदी या माणसाने मनात केल्या होत्या. तोच पुढे आपल्या पाच जिल्ह्यांत, वीस माणसं रेडिओभोवती बसली की कोण बोलतं, कोण गप्प राहतं आणि कोणाचं कोण ऐकतं, हे मोजायला आला. आपल्या गावगाड्याकडे पाहायला याहून सजग डोळा त्या काळी मिळाला असता, असं मला वाटत नाही.

आता प्रयोगाची रचना. इथे जरा बारकाईने ऐका, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. नॉयराथ यांनी तुलनेसाठी साठ गावं घेतली, तीन प्रकारची. पहिल्या वीस गावांत रेडिओ होता आणि मंडळही होतं. दुसऱ्या वीस गावांत रेडिओ होता, कार्यक्रम ऐकू येत होता, पण मंडळ नव्हतं. तिसऱ्या वीस गावांत रेडिओच नव्हता. मालिकेच्या आधी आणि नंतर तिन्हीकडच्या लोकांना प्रश्न विचारून त्यांना किती माहिती आहे हे तपासलं. रेडिओ असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना कोणीही केली असती. मधला प्रकार घालणं ही खरी हुशारी. त्यामुळे यंत्राचा परिणाम किती आणि माणसं एकत्र बसण्याचा परिणाम किती, हे वेगळं काढता आलं.

मंडळ म्हणजे वीसेक माणसं. एक अध्यक्ष, एक संयोजक. ठरल्या संध्याकाळी चावडीत किंवा शाळेत जमायचं. अर्धा तास ऐकायचं आणि मग संच बंद करायचा. हे बंद करणं महत्त्वाचं, कारण पुढचा वेळ गावाचा. ऐकलेलं आपल्या गावात लागू पडतं का, कोणी करून पाहिलंय का, करायचं तर पैसे कुठून आणायचे, असं बोलणं व्हायचं. संयोजक ते टिपून पुण्याला कळवायचा आणि मंडळांच्या शंकांना पुढे रेडिओवरून उत्तरं मिळायची. ऐकणाऱ्याचं बोलणं केंद्रापर्यंत पोहोचायची ही सोय होती. जिल्ह्या-जिल्ह्यांत मंडळांची वास्तपुस्त करायला संघटकही नेमले होते.

निष्कर्ष माथुर आणि नॉयराथ यांच्या अहवालात आले. युनेस्कोने तो १९५९ साली प्रसिद्ध केला. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. बाकीच्या दोन्ही प्रकारांत वाढ नगण्य. रेडिओ असून मंडळ नसलेली गावं रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा थोडी पुढे होती, पण थोडीच. हे सारं दहा आठवड्यांत. दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मंडळं नुसती चर्चा करून उठली नाहीत, ती बघता बघता निर्णय घेऊ लागली. गावातली सामाईक कामं निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा ती लवकर मार्गी लावू शकतात, असं अभ्यासकांना दिसलं. हा उपक्रम कायम चालू ठेवा, अशी मागणीही जवळजवळ एकमुखी होती.

अहवालाला प्रश्नही विचारायला हवेत. घरातलं धान्य, पाणी आणि सरपण यांचा हिशोब जिच्या डोक्यात असतो, ती बाई या वीसांत कुठे होती? आणि दहा आठवडे सर्वांचं लक्ष असताना जो उत्साह दिसतो, तो संघटकाने पाठ फिरवल्यावर किती टिकतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या इतिहासानेच दिलं. १९५९च्या नोव्हेंबरात सरकारने ही योजना देशभर नेली. १९६५च्या सुमारास मंडळांचा आकडा बारा हजारांवर गेल्याचं सांगत. आकडा वाढला आणि मंडळ आटलं. पुण्याच्या प्रयोगात या कामासाठी वेगळी माणसं होती. विस्तारात ते आधीच दहा कामं अंगावर असलेल्यांच्या गळ्यात पडलं. सरकारी योजनेत वस्तू पोहोचवणं सोपं असतं, माणसं बसवणं अवघड. संच वाटले की त्याची पावती मिळते. चर्चेची पावती कशी फाडणार?

आता पर्यावरणाकडे येते. २२ नोव्हेंबर १९९१ला सर्वोच्च न्यायालयाने वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा, चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या पाट्या फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटं द्यावीत. हेतू थोर होता. पण नॉयराथ यांच्या तक्त्यात हा निकाल ठेवून पाहा. तो कुठे बसतो? दुसऱ्या रकान्यात. रेडिओ आहे, मंडळ नाही. पुढे २००४पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम आला. तो कसा ‘पूर्ण’ होतो, हे इथे बसलेल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. गेल्या वर्षीच्या प्रकल्पाची वही, वरचं नाव बदललेलं, आणि ओझोनच्या थराचं तेच चित्र. त्या विद्यार्थ्याला ओझोन माहीत असतो. आपल्या गावच्या ओढ्यात सांडपाणी कुठून येतं, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

संशोधनाचीही हीच गत. पश्चिम घाटाचं उदाहरण घेऊ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने २०११च्या ऑगस्टमध्ये आपला इंग्रजी अहवाल केंद्राला दिला. कुठे किती संरक्षण असावं हे वरून लादू नका, ग्रामसभांपर्यंत जाऊन ठरवा, असा त्या अहवालाचाच आग्रह होता. तो अहवाल मंत्रालयाने महिनोन्‌महिने बाहेर येऊ दिला नाही. माहिती आयोग, मग दिल्ली उच्च न्यायालय, असं करत मे २०१२मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर त्याच्याविषयीच्या वावड्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरून स्थायिक झाल्या होत्या. शेती बंद होणार, घराला नवं कौल घालता येणार नाही, गावं उठवणार. पुढे त्या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती आली आणि २०१४पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळून गावं गाडली गेली होती. त्या मसुद्यात महाराष्ट्राचं सतरा हजार तीनशे चाळीस चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

मसुद्यात बंदी कशाला आहे? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं. वीस हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच एकर. इतकं मोठं घर बांधायचा बेत सह्याद्रीतल्या कोणत्या शेतकऱ्याचा आहे? पण हा आकडा त्याच्यापर्यंत जात नाही. त्याच्या मोबाइलवर येते ती पाठीमागे जोडलेली गावांची यादी. तो आधी तालुका शोधतो, मग गाव. नाव सापडलं की पोटात गोळा येतो, नाही सापडलं की तो फोन खिशात ठेवतो. हरकती नोंदवायला मुदत साठ दिवस. ३१ जुलैपासून साठ दिवस म्हणजे कोकणात उरलीसुरली लावणी, बेणणी आणि त्यावर गणपती. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. या दिवसांत राजपत्र उघडून कोण बसणार? पुण्याच्या प्रयोगाला वीस साध्या विषयांसाठी सत्तर दिवस दिले होते.

वर्तमानपत्रांनी काय केलं? विरोधाचे मोर्चे छापले, समर्थनाचे अग्रलेख छापले. बरेचसे प्रामाणिकपणे छापले. पण मोर्चातल्या माणसाने अग्रलेख वाचला नाही आणि अग्रलेखवाल्याला ‘वावडी कुठून निघाली’ हे शोधावंसं वाटलं नाही. खाणींचे परवाने हवे असलेल्यांना ती वावडी किती सोयीची होती, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मंडळाची कल्पना जुनी झाली, असं मात्र कोणी म्हणू नये. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ती आपल्या पद्धतीने चालवून दाखवली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे अभ्यासगट रुजले. अभ्यासगटात विषयाची सर्व बाजूंनी चर्चा होते, बाहेरचा जाणकारही येऊन बसतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. कायद्यातलं कलम काय म्हणतं, जंगलातला मध झाडाला न दुखवता कसा काढायचा, बांबूचा हिशोब कसा ठेवायचा, हे तिथे माणसं एकमेकांकडून शिकली. वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली या गावाला मिळाला, तेव्हा कागद वाचता येणारी ग्रामसभा तयार होती. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी हक्क किंवा बंदी येते आणि मग जागृतीसाठी पत्रकं छापतात.

जैवविविधता नोंदवहीचं पाहा. २००२च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकांच्या माहितीतून नोंदवही करावी असं सांगितलं. वर्षानुवर्षं काही हाललं नाही. मग हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि नंतर महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सुनावला. त्याबरोबर नोंदवह्यांचा पूर आला. रानभाज्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाईजवळ बसून नोंदवही लिहायला पावसाळा-हिवाळा-उन्हाळा असं एक वर्ष लागतं. मुदतीच्या धाकाने ती कशी लिहिली गेली असेल, याचा अंदाज आपण करू शकता.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या महाविद्यालयांत आता क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. म्हणजे हजारो विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन गावोगाव जाणार. गावकरी चहा पाजतात, उत्तरं देतात, सह्या करतात. त्या माहितीचं काय झालं, हे त्यांना परत येऊन कोणी सांगत नाही. माझं विद्यापीठांकडे एवढंच मागणं आहे की निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि तिथल्या हरकती प्रकल्पात जोडल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत. मार्गदर्शकालाही नाही.

आणि एक सूचना समाजशास्त्र आणि संज्ञापन या विभागांना. नॉयराथ यांची रचना पुन्हा वापरा. त्याच पाच जिल्ह्यांतली सह्याद्रीलगतची साठ गावं घ्या. विषय पश्चिम घाटाचा मसुदा, भूजल, वणवे, काहीही चालेल. वीस गावांत फोनवर माहिती पाठवा आणि आठवड्यातून दोनदा वीस जणांना एकत्र बसवा, त्यांत दहा बायका असू द्या. वीस गावांत माहिती नुसती फोनवर पाठवा. उरलेल्या वीस गावांत काहीच करू नका. दहा आठवड्यांनी जाऊन विचारा, कोणाला काय कळलं आणि कोणी काय ठरवलं. पुढच्या वर्षी मालेने मला नको, त्या विद्यार्थ्यांना बोलवावं, आणि प्रश्नोत्तरांना दहा मिनिटांऐवजी निम्मा वेळ ठेवावा.