श्रमिकाचा रविवार



ज्युबिली म्हणजे भूमीस विश्रांति व दासांस मुक्ति देण्याचें वर्ष, असें लेवीय पुस्तक सांगतें. म्हणून या मंगल प्रसंगीं मी श्रमिकाच्या विश्रांतीविषयीं बोलणार आहें.

कोंकणांतून व घाटावरून आलेला शेतकरी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार झाला; पण त्यास आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें गिरणीमालकांनीं ती १० जून १८९० रोजीं मान्य केली. पुढल्याच वर्षीं पोप तेरावे लिओ यांनीं ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकांत योग्य वेतन व रविवारची विश्रांति या न्यायाच्या गोष्टी होत, असें प्रतिपादन केलें.

१९८२ सालीं सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. परंतु श्रमिक वर्ग नाहींसा झाला नाहीं, तो विखुरला. आज तो इमारतींच्या दारांवर पहारा करतो, दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचवितो, आपल्या घरीं भांडीं घांसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत ॲपवरील कामगाराची व्याख्या आली. रविवार मात्र पुष्कळांस अद्याप मिळालेला नाहीं.

तिसरी आज्ञा केवळ धन्यासाठीं नाहीं. त्या दिवशीं दासदासींनींही विसांवा घ्यावा, असें ती सांगते. मग आपण मिस्सेला यावें आणि मोलकरणीनें त्याच वेळीं आपलें स्वयंपाकघर सांभाळावें, हें कसें? ती कोणत्याही धर्माची असो, तिला आठवड्याचा एक दिवस पगार न कापतां द्या. ज्युबिलीची ही भेट नाझरेथच्या सुतारास खचित पोंचेल.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो.