जुने गाभे काढतांना

वसमतच्या बाजूस हळदीचें पीक हातीं आलें, म्हणजे शेताशेतांतून ती शिजविण्याची एकच धांदल उडते. खणून काढलेली हळद शिजवावयाची, वाळवावयाची, घोळून तिला चकाकी आणावयाची आणि मग पेठेंत न्यावयाची, असा हा क्रम आहे. परंतु घाई कितीही असो, बाजारभाव कितीही चढलेला असो, जाणता शेतकरी सगळी हळद शिजवावयास घालीत नाहीं. पुढच्या लावणीचें बेणें तो आधीं निवडतो आणि सावलींत झांकून ठेवतो. कारण शिजलेल्या हळदीस कोंब फुटत नसतो. हिंगोली जिल्ह्यांतील लहान पोरासही ठाऊक असलेली ही गोष्ट संगणकासमोर बसलेला शिकलासवरलेला मनुष्य मात्र पुष्कळदां विसरतो, आणि यंत्रांत जागा मोकळी करण्याच्या भरांत बेणेंच शिजवून बसतो.

यंत्राचें बेणें म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. संगणक सुरू केल्यावर आरंभींची किरकोळ तपासणी आटोपते आणि मग एक आज्ञावली सगळ्या यंत्राचा ताबा घेते. तिला कर्नेल म्हणतात. मराठींत गाभा हा शब्द तिला चांगला शोभतो. स्मरणांतील जागा कोणास किती द्यावयाची, तबकडीवर कोणी काय लिहावयाचें, कळफलक व छपाईयंत्र यांचा निरोप कोणापाशीं पोंचवावयाचा, हा सारा कारभार तिच्याकडे असतो. लिनक्स नांवाचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहिला. त्या वेळीं तो सुमारें दहा हजार ओळींचा होता. आज त्याच्या ओळी तीन कोटींहून अधिक भरतात. डेबियन, उबुंटू या प्रणाली त्याच गाभ्याभोंवतीं उभ्या आहेत, आणि पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बाहेर आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्यांतलीच आहे.

आतां या गाभ्याचा एक विशेष असा, कीं त्याची नवी आवृत्ति आली म्हणून जुनी आपोआप जात नाहीं. इतर कोणतीही आज्ञावली अद्ययावत् केली, तर नवी जुन्याच्या जागीं बसते. गाभ्याच्या गांठोड्याच्या नांवांतच त्याचा आवृत्तिक्रमांक गोंवलेला असतो. त्यामुळें प्रत्येक नवा गाभा हें यंत्राच्या दृष्टीनें निराळेंच गांठोडें ठरतें, आणि तें जुन्याच्या शेजारीं येऊन बसतें. ही व्यवस्था करणारांच्या हातून झालेली चूक नव्हे. यंत्र चालूं असतांना गाभा आपलीं साहाय्यक अंगें, ज्यांस मॉड्यूल म्हणतात तीं, लागतील तशीं आपल्याच क्रमांकाच्या कोठारांतून आणीत असतो. तें कोठार मध्येंच काढून घेतलें, तर चालतें यंत्र लगेच बंद पडत नाहीं. पण नव्यानें जोडलेला पेनड्राइव्ह किंवा छपाईयंत्र त्यास ओळखतां येईनासें होतें. शिवाय नवा गाभा एखाद्या विशिष्ट यंत्राशीं जुळला नाहीं, तर यंत्र सुरू होतांना दिसणाऱ्या यादींतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या सदराखालचा जुना गाभा निवडतां येतो व त्या दिवसाचें काम अडत नाहीं. म्हणजे जुना गाभा हा केर नसून ती पुढची तजवीज असते.

परंतु तजवीज म्हटली तरी तिला कांहीं सुमार हवा. कित्येक यंत्रांत, विशेषतः तबकडी कुलूपबंद करून ठेवलेली असते तेथें, गाभ्यांसाठीं ‘बूट’ नांवाचा एक स्वतंत्र व लहानसा विभाग राखलेला असतो. तो पुष्कळदां पांचशे मेगाबाइटांपासून एक गिगाबाइटापर्यंत असतो. जुन्या यंत्रांत याहूनही लहान आढळतो. एकेका गाभ्याबरोबर आरंभीं लागणाऱ्या साहित्याची ‘इनिटआरडी’ नांवाची मोठी फाईल येते, आणि दोन्ही मिळून शंभराच्या आसपास मेगाबाइट सहज खातात. अद्ययावतीकरण नियमित होत राहिलें आणि जुने गाभे कोणी काढले नाहींत, म्हणजे कांहीं महिन्यांत तो विभाग कांठोकांठ भरतो. मग नव्या गाभ्याचें गांठोडें उघडतें, पण त्याची इनिटआरडी लिहावयास जागा उरत नाहीं. काम अर्ध्यावर राहतें, आणि त्या अडथळ्यामुळें इतर आज्ञावल्यांचें अद्ययावतीकरणही खोळंबतें.

अशा वेळीं काय घडूं शकतें, याचें एक कल्पित चित्र पाहावें. सेनगांवच्या बाजूची एखादी शाळा आहे. दहावीचीं आवेदनपत्रें भरण्याचे दिवस आहेत. आणि कचेरींतील एकुलत्या एक यंत्रावर ‘जागा उरली नाहीं’ अशी सूचना झळकते. लेखनिक घाबरतो. कोणी उत्साही शिक्षक पुढें सरसावून बूट विभाग उघडतो, अनोळखी नांवांच्या मोठमोठ्या फायली पाहतो व चार-दोन हातांनींच पुसून टाकतो. यंत्र त्या दिवशीं चालतें, म्हणून त्याची वाहवा होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काळ्या पडद्यावर ‘कर्नेल पॅनिक’ ही अक्षरें उमटतात आणि यंत्र तेथेंच थबकतें.

खरा अनर्थ अजून झालेला नसतो, ही गोष्ट कोणी त्या खोलींत ठासून सांगावयास हवी. विद्यार्थ्यांचीं नांवें, गुणपत्रकें, दाखल्यांच्या नोंदी हें सर्व तबकडीच्या दुसऱ्या भागांत जसेंच्या तसें असतें. गाभा गेला म्हणून त्यांस कांहीं होत नाहीं. पेनड्राइव्हवर प्रणाली घेऊन तिच्या आधारानें यंत्र उठवितां येतें, नोंदींची प्रत काढून ठेवतां येते, आणि मग गाभा पुन्हां बसवितां येतो. परंतु तालुक्याच्या गांवाहून बोलावलेला कारागीर घाईंत असतो. तो सर्व पुसून नवी प्रणाली घालणें सोपें समजतो, आणि दहा वर्षांच्या नोंदी त्या अर्ध्या तासांत जातात. म्हणून यंत्र उठत नसेल तर पहिलें काम प्रत काढण्याचें, दुरुस्ती त्यानंतर. आणि हें कारागिराच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं सांगावयाचें.

ही वेळच येऊं नये म्हणून जी रीत आहे ती फारशी अवघड नाहीं. प्रथम यंत्रास विचारावें, कीं तूं या क्षणीं कोणत्या गाभ्यावर चालला आहेस. टर्मिनलची खिडकी उघडून रोमन अक्षरांत ‘युनेम’ ही आज्ञा, मग जागा सोडून आडवी रेघ व ‘आर’ हें लहान अक्षर लिहिलें, कीं उत्तर मिळतें. तें उत्तर कागदावर टिपून ठेवावें. येथें एक बारकावा आहे. नवा गाभा काल येऊन बसला, पण यंत्र तेव्हांपासून बंद करून पुन्हां सुरू केलेलें नाहीं, तर चालूं असतो तो जुनाच. नव्याची परीक्षा अजून झालेलीच नसते. तेव्हां काढाकाढीस हात घालण्यापूर्वीं यंत्र एकदां नव्यानें सुरू करावें, छपाई, इंटरनेट, आवाज हें सर्व चालतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच पुढें जावें. उगवण पाहिल्यावांचून जुनें बियाणें कोणी विकीत नाहीं, तसेंच हें.

पुढची गोष्ट अशी, कीं फायली हातानें पुसावयाच्या नाहींत. प्रत्येक गांठोड्याची नोंद ठेवणारा एक कारभारी प्रणालींत असतो. डेबियन, उबुंटू आणि बॉस यांत त्यास ‘एपीटी’ म्हणतात. त्याच्या नकळत फाईल पुसली, तर त्याच्या वहींत ती असल्याची नोंद कायम राहते आणि पुढें हिशेब जुळत नाहीं. त्यालाच ‘ऑटोरिमूव्ह’ अशी आज्ञा द्यावी. चालूं असलेला गाभा आणि सर्वांत नवा गाभा राखून, आपोआप आलेले बाकीचे तो काढतो, व यंत्र सुरू होतांना दिसणारी यादीही तोच सुधारतो. आज्ञेपुढें ‘ड्राय-रन’ हे शब्द दोन आडव्या रेघांसह जोडले, तर प्रत्यक्ष कांहीं न काढतां काय काढलें जाईल एवढेंच तो सांगतो. ती यादी सावकाश वाचावी. टिपून ठेवलेला क्रमांक तींत दिसला, तर तेथेंच थांबावें. ज्याच्या नांवांत क्रमांक नसून केवळ ‘जेनेरिक’ असा शब्द असतो, तें ‘लिनक्स-इमेज’चें गांठोडेंही तींत असतां कामा नये; तें गेलें, तर पुढचे नवे गाभे येण्याचीच वाट बंद होते, आणि तें कित्येक महिने कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. फेडोरा या दुसऱ्या प्रणालींत ही चिंता कमी आहे. तेथील कारभारी मुळांतच तीन गाभ्यांची मर्यादा पाळतो आणि चौथा आला कीं सर्वांत जुना स्वतः काढतो.

चालूं असलेला गाभाच काढावयास गेल्यास डेबियन व उबुंटू या प्रणाली एक प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न मोठा फसवा आहे. ‘काढणें रद्द करावयाचें काय?’ अशा अर्थाचा तो आहे. म्हणजे येथें ‘होय’ म्हटलें तर गाभा वांचतो आणि ‘नाहीं’ म्हटलें तर जातो! ज्यास काढावयाचें आहे तो घाईनें वाचतो, आणि ज्यास भय वाटतें तोही ‘नाहीं’कडेच बोट नेतो. हा प्रश्न पडद्यावर दिसला, कीं हात कळफलकावरून उचलून तो पुन्हां वाचणें बरें.

विभाग इतका भरला असेल, कीं एपीटीचेंही कांहीं चालत नाहीं, तर त्याच्या हाताखालच्या ‘डीपीकेजी’ या कारभाऱ्याकडून, क्रमांक देऊन, सर्वांत जुना असा एकच गाभा ‘पर्ज’ या आज्ञेनें काढून घ्यावा. तेवढ्यानें श्वास घेण्यापुरती जागा होते. मग अर्धवट राहिलेलें काम एपीटीकडून पुरें करून घ्यावें, आणि बाकीचे गाभे वर सांगितलेल्या रीतीनें काढावे.

सर्वांत नवा तो चांगला, हाही समज सर्वत्र खरा नाहीं, आणि याचें उदाहरण या जिल्ह्याशींच जोडलेलें आहे. औंढा नागनाथ तालुक्यांत लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली; तिच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या योजिल्या आहेत. अमेरिकेंतील तिच्या थोरल्या बहिणींनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली. तेथील आरसे जागच्या जागीं धरून ठेवणारे संगणक लिनक्सवर चालतात, आणि कांहीं गणितें सेकंदास १६,३८४ वेळां करतात. त्यासाठीं गाभ्यांत फेरफार करून संस्कारकाचे कांहीं भाग इतर सर्व कामांतून मोकळे केलेले असतात व केवळ या एका कामास जुंपलेले असतात. असा घडवून घेतलेला गाभा सर्वसाधारण कोठारांत मिळत नाहीं. ‘नवा ठेवा, जुने टाका’ या ठोकळ नियमानें तेथें कोणी झाडलोट केली, तर बाजारांतला नवा राहील आणि घरचा कामाचा जाईल. अशा खास यंत्रांतील गाभा ‘होल्ड’ या आज्ञेनें खिळून ठेवण्याची सोय एपीटींत आहे.

साध्या शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या यंत्रांत एक चालता गाभा आणि त्यामागचा एक परखलेला, असे दोन पुरतात. काढणें झालें, कीं ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन बूट विभागांत किती जागा सुटली तें पाहावें, आणि यंत्र त्याच दिवशीं एकदां बंद करून पुन्हां सुरू करावें. तें सुरू झाल्याचें डोळ्यांनीं पाहून मगच कचेरीस कुलूप लावावें. आणि हें काम शक्यतों सोमवारीं सकाळीं काढावें, आवेदनपत्रांच्या शेवटच्या दिवशीं नव्हे.